पहिल्याच पापुद्र्यात होतं, म्हणालास

कासम, तू मला फसवलंस. मी तुला नाही, डॉक्टरनं आपल्याला नाही, तू मला. हे आधी लिहून टाकतो, कारण तू गेल्यापासून जो तो तुझ्याबद्दल चांगलंच बोलतोय आणि मला ते ऐकवत नाही. मार्केटात तुझ्यासाठी सभा झाली. कुणीतरी उभं राहून म्हणालं, कासमशेठ म्हणजे शब्दाचा पक्का माणूस. मी मागून ओरडणारच होतो, "मला विचारा!" शेजारच्यानं शर्ट धरून खाली बसवलं. त्याला वाटलं मला रडू आवरत नाहीये.

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात आपले गाळे भिंतीला भिंत लावून. मी साताऱ्याकडचा, पाठीवर गोणी वाहत वर आलेला. तू म्हसळ्याचा, बापाच्या सुक्या मासळीला कंटाळून कांद्यात शिरलेला. आधी आपण एकमेकांची गिऱ्हाइकं पळवली, मग एकमेकांना शिव्या दिल्या, आणि मग लक्षात आलं की दोघांनी मिळून ट्रक घेतला तर रडायची पाळी तिसऱ्यावर येते. तेव्हापासून आपला एकच नियम. गोण दोघांसमोर फोडायची, कांदा दोघांनी दाबून बघायचा आणि दोघांची मान हलल्याशिवाय सौदा करायचा नाही. तू अडवलंस तर मी भरपूर आरडाओरडा करायचो, पण थांबायचो. मी अडवलं तर तू बिनआवाजाचा थांबायचास. या नियमात आपण कधी बुडालो नाही.

आणि आयुष्यातला सगळ्यात मोठा सौदा तू एकट्यानं केलास. वर मला भाव खोटा सांगितलास.

एक गोष्ट विसरू नकोस. तुझ्या घशातला माल शोधून काढला तो मी. पोट माझं जळत होतं. दुर्बिणीतून तपासून घ्या, असं मला सांगितलं होतं. तू नुसता सोबतीला आलेलास, खिशात पेजर आणि तोंडात पान. काउंटरवरच्या मुलीनं तपासणीचा दर सांगितला आणि माझं डोकं फिरलं.

"एक नळी घालायची आणि काढायची, तिचे एवढे?"

"काका, फिक्स रेट आहे."

"दोघांची करतो. मग बोला."

"दोघं कोण?"

"मी आणि हा."

"ह्यांना काय होतंय?"

"मना काय व्हतंय?" तू माझ्याकडे बघून म्हणालास. "मी धडधाकट हाय."

"दिवसभर ढेकरा देतो," मी तिला सांगितलं. "बायको वैतागलीय."

शेवटी आतले डॉक्टर बाहेर आले, हसले आणि भाव पाडून दिला. तू कुरकुरत आत गेलास. लोक गोणीवर गोण फुकट घेतात, हा माणसावर माणूस फुकट घेतो, असं तू सगळ्या वेटिंग रूमला ऐकवलंस. माझं पोट आतून लाल निघालं. डॉक्टर म्हणाले, तिखट कमी करा, राग कमी करा. तुझ्या अन्ननलिकेत मात्र नखाएवढा एक डाग दिसला. त्याचा तुकडा तपासायला गेला आणि उत्तर आलं: कॅन्सर. पण अगदी सुरुवातीचा. इतक्या लवकर तो सापडत नाही, कारण तेव्हा माणसाला काहीच होत नसतं आणि काही होत नसताना नळी घालून घेणारा माणूस कुठे मिळणार?

मिळाला ना. मी भाव पाडला म्हणून मिळाला.

मला वाटलं तू खचशील. तू दवाखान्याच्या पायरीवर उभा राहून पोट धरून हसलास. "संपत, तुझ्या डिस्काउंटात काय निघालं बघ!" वर तूच मला धरून रिक्षात बसवलंस.

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टर जपानहून शिकून आला होता. पोट न फाडता, नळीतूनच असे डाग खरवडून काढायचं काम त्याला येत होतं. त्यानं आत आयोडीन फवारलं. चांगली जागा तपकिरी झाली आणि डाग तेवढा फिका राहिला, म्हणजे त्याच्या कडा नीट कळल्या. मग आपण कांदेवाले म्हटल्यावर त्यानं आपल्याला कांद्यावरूनच समजावलं. अन्ननलिकेलाही पापुद्रे असतात. रोग वरच्या पहिल्या पापुद्र्यात असेल तर तो बहुतेक कुठे जात नाही. त्याच्याखाली पाणी टोचायचं, तो भाग फुगवायचा, तारेच्या फासात धरून कापून घ्यायचा. काम संपलं. पण खालच्या पापुद्र्यात बारीक वाहिन्या असतात. रोग तिथे पोचला असेल तर त्यांतून तो गाठींमध्ये जाऊ शकतो, आणि गाठी नळीच्या बाहेर असतात. तिथे दुर्बीण पोचत नाही. मग छाती उघडून अन्ननलिका आणि गाठी दोन्ही काढाव्या लागतात.

"पण कांदा असा सडत नाय, डॉक्टर," तू म्हणालास. "कांदा मानेतनं सडतो."

"बरोबर आहे याचं," मी म्हणालो. "दुसरं काहीतरी घ्या. कोबी घ्या."

"कोबी घेऊ," तो शांतपणे म्हणाला. चांगला माणूस. नंतर मी त्याच्याशी जे वागलो ते लक्षात घेता फारच चांगला.

किती खोल गेलंय ते आत्ता सांगता येत नाही, डाग काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला की कळेल, असं तो म्हणाला. म्हणजे गोण विकत घेतल्यावर फोडायची. मला हे मुळीच पसंत नव्हतं. मी विचारलं, गाठीत गेलेलं असायची भीती किती? त्यानं पहिल्या पापुद्र्याचा एक आकडा सांगितला, दुसऱ्याचा एक सांगितला. दुसऱ्याचा मला जास्त वाटला.

"जरा कमी करा," मी म्हणालो.

"अहो, हे माझ्या हातात नाही."

"मग ज्याच्या हातात आहे त्याला बोलवा."

तू माझ्या पायावर पाय दिलास. मी गप्प बसलो नाही. सवयीनं तो आकडा मी निम्म्यावर आणला आणि मगच उठलो. डॉक्टरनं मान्य केला नव्हता, पण मी मनात धरून ठेवला तो निम्माच.

डाग काढला त्या दिवशी तुला बोलायची बंदी होती. घसा बधिर, डोळे टकटकीत. तू चादरीखालून माझा हात ओढलास. मार्केटात रुमालाखाली बोटं दाबून आपण भाव ठरवतो, तिसऱ्याला कळू नये म्हणून, तसं तू माझी बोटं दाबायला लागलास. सकाळी कांदा कितीनं उघडला, हे तुला हवं होतं! मी सांगितला. तू तोंड वाकडं केलंस आणि त्याहून वरचा दाबलास. आपण तिथे चांगली घासाघीस केली. नर्स आली, चादरीखाली हातात हात बघून दारातच थांबली आणि म्हणाली, "मी नंतर येते." तू हसायला गेलास आणि खोकलास, आणि नर्सच्या शिव्या मी खाल्ल्या.

उत्तर आलं तेव्हा मी लासलगावला होतो. तुझी पाळी होती जायची, पण तू म्हणालास, रिपोर्ट आहे, तू जा. एसटीडी बूथमधून मी फोन लावला.

"बोल."

"पयल्याच पापुद्र्यात होतं. निघालं सगळं. डॉक्टर बोलला, जा, कांदे विका."

"शप्पथ?"

"अरे, टेन्शन नको घेऊस. तिकडं माल कसा हाय?"

शपथ तू घेतली नाहीस, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. भाव करणारा माणूस प्रश्नाला प्रश्नानं उत्तर देतो, ते का, हे मी लोकांना शिकवतो. पण मी बूथमध्ये नाचत होतो. बाहेर रांगेत उभ्या माणसांना पेढे वाटले, ज्यांना तू कोण हे माहीत नव्हतं.

त्यानंतरची तीन वर्षं, कासम, खोटं कशाला बोलू, फार मजेत गेली. तुझा चुलीवरून उतरलेला उकळता चहा घशात ओतायचा विक्रम बंद झाला. पान-तंबाखू सुटली. चहा गार करून प्यायचा, असं बजावलं होतं, म्हणून तू भाव चालू असताना चहा मागवायचास आणि तो गार होईपर्यंत बोलायचासच नाही. समोरचा पार्टीवाला चहाकडे बघत बसायचा. वाफ कमी व्हायची तसा त्याचा भाव उतरायचा. मी आयुष्यभर ओरडून जे मिळवलं त्याहून जास्त तू कपाकडे बघत मिळवलंस. मला राग यायचा.

दर काही महिन्यांनी तपासणी. मी सोबत. डॉक्टर बाहेर येऊन सांगायचा, "आतून साफ आहे." खरंच साफ होतं. जखमेचा पांढरा वण तेवढा उरला होता. पण दर वेळी तो तुझी मान चाचपून बघायचा, दोन्ही बाजूंनी, कॉलरच्या हाडामागे बोटं घालून. एकदा मी म्हणालो, "मान कशाला दाबता डॉक्टर? हा काय कांदा आहे?" तू मोठ्यानं हसलास. डॉक्टर हसला नाही. मला वाटलं, जपानमध्ये विनोद कमी असतील.

कांदा इतका महागला की पेपरात त्याचाच फोटो यायला लागला, त्या वर्षी देशाबाहेर माल पाठवायची बंदी आली. त्याच्या आधीच्या हंगामात तुझ्या डोक्यात दुबईचं खूळ शिरलं होतं. बंदराजवळ जासईच्या यार्डात आपला कंटेनर अडकला, आणि मी दुपारच्या उन्हात अर्ध्या यार्डाशी भांडून घेतलं. तू मला ओढत रस्त्यापलीकडच्या खाणावळीत नेलंस. तांदळाची भाकरी, तळलेले बोंबील, कोळंबीचा रस्सा. तू बसकण मारून जेवलास. भाकरीवर भाकरी. ताट पुसून घेतलंस आणि म्हणालास, "संपत, कुणी कितीबी भाव दिला ना, हे जेवन मी इकनार नाय."

"कोण मागतंय तुझं जेवण?" मी म्हणालो. "कंटेनरचं बघ."

आता कळतं कोण मागत होतं.

या उन्हाळ्यात तुझा आवाज बसला. तू कुजबुजत भाव करायला लागलास आणि ऐकायला गिऱ्हाईक पुढे वाकायचं, त्याचाही तू फायदा घेतलास. मग कॉलरच्या हाडामागे गाठ आली. डॉक्टरच्या बोटाखाली तीन वर्षं जी सापडली नव्हती, ती. मी उसळलो. पहिल्या पापुद्र्यातला रोग गाठीत गेलाच कसा? याचा अर्थ डॉक्टर खोटारडा, जपान खोटारडं. मी त्याच्या केबिनकडे निघालो आणि तू जिन्यात माझा हात धरलास.

"त्याच्याशी भांडू नको. वचन दे."

"नाही देणार."

"संप्या."

मला संप्या म्हणालास की मी हरतो, हे तुला माहीत होतं. तरी मी भाव केलाच. म्हणालो, तू आहेस तोवर नाही भांडणार. पुढचं माझं मी बघीन. तू थोडा विचार केलास आणि मान हलवलीस. कधी नव्हे तो तुझ्या चेहऱ्यावर माझ्यासारखा, भाव पदरात पडल्याचा भाव होता.

तुझ्या जनाज्याला गर्दी इतकी होती की खांदा मिळेना. मी दोघांना कोपरानं ढकललं, एकाला "माझ्याइतका जवळचा आहेस का?" म्हणून विचारलं. तो तुझा सख्खा चुलतभाऊ निघाला. त्यानं मुकाट्यानं जागा दिली. मूठभर माती मीही टाकली, आणि पाय धुऊन तिथूनच डॉक्टरकडे गेलो. वचनाची मुदत संपली होती.

दार ढकलून आत गेलो, जे यायचं ते सगळं बोललो. पहिला पापुद्रा, पहिला पापुद्रा, म्हणून टेबल बडवलं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "संपतराव, पहिला नव्हता."

मी बडवायचं थांबलो.

रोगाचं टोक दुसऱ्या पापुद्र्यात उतरलं होतं. थोडंसंच. त्यानं तुला आणि जुबेदाभाभींना समोर बसवून सांगितलं होतं. स्कॅनमध्ये गाठी दिसत नाहीत, पण दिसत नाहीत म्हणजे नाहीत, असं नसतं. ऑपरेशन करून घ्या. तू विचारलंस, ऑपरेशनमध्ये काय काय जातं? त्यानं सांगितलं. अन्ननलिका काढून पोट वर ओढून गळ्याशी जोडायचं. मोठं ऑपरेशन, टेबलावरच काही बरंवाईट व्हायची भीती वेगळी. नंतर आयुष्यभर थोडं थोडं खायचं, चार घास झाले की थांबायचं, रात्री उशी उंच करून झोपायचं. तू विचारलंस, आणि गाठीत काही नसलंच तर? तो म्हणाला, अशांतल्या बऱ्याच जणांच्या गाठीत काही सापडत नाही. मग ऑपरेशन उगाचच झालं, असं होईल. पण ते आधी कळत नाही. तू गॅलरीत जाऊन उभा राहिलास. परत आलास आणि नाही म्हणालास. त्यानं पुन्हा सांगितलं. मग दर तपासणीला सांगत राहिला. तू दर वेळी नाही म्हणालास.

"मला का नाही सांगितलं?" मी डॉक्टरला विचारलं.

"पेशंटनं मनाई केली होती. म्हणाले, संपतला कळलं तर तो मला बोलून बोलून टेबलावर झोपवील."

मी त्या माणसाची माफी न मागता उठलो. तिथून थेट जुईनगरला, तुझ्या घरी. घरात बायका होत्या, भाभी आत बसल्या होत्या. मी दारातूनच म्हणालो, "तुम्हाला माहीत होतं."

"होतं, भाऊजी."

"मला एक शब्द?"

"त्यांनी मला कसम घातली होती. आणि सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

"उचलून नेलं असतं त्याला!"

"मग?"

"मग काय मग? जगला असता!"

"असता किंवा टेबलावरच गेला असता," भाभी म्हणाल्या. "मग तुम्हीच जन्मभर स्वतःला खाल्लं असतं. ते म्हणाले, हा सौदा माझा एकट्याचा, तोटा आला तर संपतच्या माथी नको." मग एकदम चिडल्या. "आणि माझ्या माथी आला तो? मला नाही विचारलं कुणी. आता माझ्यावर कशाला ओरडता? ज्यानं केलं त्याला विचारा. मीही तीन वर्षं त्यालाच विचारत आले." आणि मला बसवून शेजाऱ्यांकडून आलेलं जेवण वाढलं. मी जेवलो. दुसरं काय करणार? कोळंबी होती.

म्हणून तुला विचारतोय. तीन वर्षं तू पोटभर जेवलास, मनसोक्त हसलास, मलाही हसवलंस, आणि ती तीन वर्षं मला तुझ्या खोट्यामुळे निवांत मिळाली, हे मी मान्य करतो. माझा एकही दिवस भीतीत गेला नाही. ती भीती तू एकट्यानं वाहिलीस, माझी गोण आपल्या पाठीवर घेतल्यासारखी, आणि त्याबद्दल मी तुझ्या पाया पडेन. पण तुझी माझी भागीदारी होती. मी काय नुसता फायद्यातला भागीदार होतो?

आणि खरा प्रश्न तो नाहीच. सौदा बरा की वाईट, ते मला अजून ठरवता येत नाही. बसलो की कधी वाटतं, तू बरोबर होतास. ताटाकडे बघितलं की जास्तच वाटतं. उठलो की वाटतं, मी तुला नेलं असतं आणि आज तू समोर चार घास खाऊन थांबला असतास आणि मी तुला चिडवत असतो. ते राहू दे. मला सतावतंय ते वेगळंच. एवढी वर्षं तू माझ्या कुठल्या बोलण्याला भ्यायला नाहीस. मी गाळ्याचा पत्रा उडेल एवढं ओरडायचो आणि तू चहाकडे बघत बसायचास. मग याच वेळी का पळालास? मी तुला वळवीन, याची भीती वाटली म्हणून? म्हणजे तुला मनातून वळायचं होतं? ऑपरेशन करून घ्यावं, असं तुलाही वाटत होतं, आणि कुणीतरी जोरात ओढलं असतं तर तू आला असतास?

आणि तसं असेल, कासम, तर ज्या एका दिवशी तुला माझ्या आरडाओरड्याची गरज होती, त्याच दिवशी तू मला लासलगावला पाठवलंस. का? भाभी सांगत नाहीत, डॉक्टरला माहीत नाही. दुसऱ्या कुणाकडे मी जाणार नाही. तू उत्तर दे.